घरभर गाणी, पण बोलणंही ऐकू यायला हवं

वाचकाचं पत्र

नमस्कार. पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतायत. हॉल न घेता नाशिकच्या आमच्या रो-हाउसमध्येच संध्याकाळी ४०-४५ जणांना बोलावलंय. खाली हॉल, त्याला लागून जेवणघर, आई-बाबांची खोली, पुढे ओटा. वर दोन खोल्या आणि गच्ची. जिथे जावं तिथे एकच गाणं हलकं वाजत राहावं अशी माझी इच्छा आहे. घरात बाबांचा जुना अँप्लिफायर आणि त्याचे दोन लाकडी स्पीकर आहेत, दोन एको डॉट (ॲमेझॉनचे ॲलेक्सावाले छोटे स्पीकर; तिसऱ्या पिढीचे, चपटे) आणि एक ब्लूटूथ स्पीकर आहे. रविवारी माझ्या फोनला एक एको आणि तो स्पीकर, दोन्ही ब्लूटूथने जोडून पाहिले. हॉल आणि जेवणघराच्या मधल्या दारात उभं राहिलं की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. भाऊ म्हणतो, साउंडवाल्याकडून गच्चीवर दोन टॉप, दोन बास असे मोठे स्पीकर आणू, घरभर ऐकू जाईल. मी २५,००० रुपये बाजूला काढलेत. नवे वायरलेस स्पीकर घ्यावेत का? आणखी एक. बाबांनी तरुणपणी आईसाठी कॅसेटवर भरलेलं एक गाणं आम्ही फोनमध्ये उतरवून घेतलंय. रात्री आठ वाजता ते सगळ्या घरात एकदम वाजवायचंय. कसं करू?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, आधी आई-बाबांना माझा नमस्कार सांगा. कार्यक्रम घरी करताय याचा फार आनंद वाटला.

नवे स्पीकर घेऊ नका. तुमच्याकडे आहे त्यात हे काम उत्तम होतं. एक केबल आणि थोडी वायर आणावी लागेल, हजार-दीड हजाराच्या वर खर्च जाणार नाही. आणि भावाला प्रेमाने पण ठामपणे सांगा की टॉप-बास नकोत.

त्याचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे घरात वाद होणार नाही. एका जागी मोठा आवाज करून तो घरभर पोचवायचा म्हटलं, की त्या जागेजवळच्या माणसांना बोलता येत नाही आणि लांबच्यांना गाणं कळत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. घरात त्यात भिंतींची भर पडते. भिंती आणि स्लॅब गाण्यातला वरचा भाग अडवतात, म्हणजे शब्द, बासरी, झांजा. खालचा बास मात्र आरपार जातो. गच्चीवर टॉप-बास लागले तर खाली हॉलमध्ये तुमच्या मावशीला गाणं ऐकू येणार नाही, नुसता धम् धम् ठोका ऐकू येईल. तोच ठोका सामाईक भिंतीतून शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीत जाईल.

शिवाय कायदाही आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी घरातल्या साउंड सिस्टिमचा आवाज तुमच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते, आणि १० नंतर उघड्या गच्चीवर तो चालतच नाही. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या रात्री दारात पोलीस आलेले कोणाला आवडतील? पण खरं सांगायचं तर मला कायद्यापेक्षा तुमच्या पाहुण्यांची काळजी जास्त आहे. या संध्याकाळी माणसं एकमेकांशी बोलायला येणार आहेत. कितीतरी जण वर्षांनी भेटणार असतील.

गर्दीत आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. घरगुती कार्यक्रमात हेच होतं. गाणी थोडी मोठी असतात म्हणून लोक मोठ्याने बोलतात. मग गाणी ऐकू येत नाहीत म्हणून कुणीतरी बटण फिरवतो आणि लोक आणखी ओरडतात. तासाभरात वयस्कर मंडळी दमून गप्प बसतात. म्हणून आवाज मोठा करायचा नाही, पसरायचा. जिथे माणसं आहेत तिथे छोटा स्पीकर, आणि तोही कमी आवाजात.

आता घर मनासमोर आणा. एक खोली गाण्यांशिवाय ठेवायची, ती आई-बाबांची. तिथे पंखा, पाण्याचा तांब्या आणि चार-पाच खुर्च्या. बाबांच्या वयाच्या माणसांना वरचे सूर कमी ऐकू येतात आणि गोंगाटात समोरच्याचं बोलणं वेगळं काढणं फार जड जातं. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तर जास्तच, कारण यंत्र गाणंही वाढवतं आणि बोलणंही. या मंडळींना शांत बसून बोलायची जागा असेल तर ती आनंदाने शेवटपर्यंत थांबतील.

हॉल आणि जेवणघर बाबांच्या अँप्लिफायरवर चालवा. तुमच्या घरातली सगळ्यात भरवशाची वस्तू तीच आहे. दोन्ही लाकडी स्पीकर हॉलमध्येच असले पाहिजेत असं काही नाही. एक हॉलमध्ये ठेवा, दुसरा लांब वायर टाकून जेवणघरात न्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात तांब्याची दोन पदरी ‘दीड एमएम’ वायर मागा, १५ मीटरपर्यंत ती व्यवस्थित पुरते. स्पीकरच्या मागे एक लाल आणि एक काळी जागा असते, अँप्लिफायरच्या मागेही तशाच. लालला लाल, काळ्याला काळी. एका स्पीकरला उलटं जोडलं गेलं तर दोन्ही खोल्यांच्या मधल्या भागात बास गायब होतो आणि गाणं पोकळ वाटतं. वायरचं एक पदर निळं किंवा रेघ असलेलं मिळालं तर ही चूक होत नाही.

त्यानंतर अँप्लिफायरच्या पुढच्या बाजूला ‘मोनो’ लिहिलेलं बटण शोधा. त्या काळच्या बऱ्याच अँप्लिफायरना ते असतं. ते दाबा. स्टिरिओ गाण्यात डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळी वाद्यं असतात, आणि काही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणाराच एका बाजूला असतो. मोनो केलं नाही तर हॉलमध्ये सगळं गाणं आणि जेवणघरात फक्त व्हायोलिन असा प्रकार होईल. मोनोमध्ये दोन्हीकडे पूर्ण गाणं जातं. आणि आता बाबांच्या अँप्लिफायरवरचं ‘बॅलन्स’ नावाचं बटण तुमच्या हातातलं खरं साधन होतं: डावीकडे फिरवलं की हॉल थोडा मोठा, उजवीकडे फिरवलं की जेवणघर. पंगत बसली की बॅलन्स हॉलकडे झुकवायचं, जेवणारे शांतपणे जेवतील. हे इतकं सोयीचं आहे की नव्या महागड्या स्पीकरांवर ॲपमध्ये चार वेळा बोट फिरवून जे करावं लागतं, ते इथे अंधारातही हाताने करता येतं. मोनोचं बटण नसेल, तर ॲलेक्साच्या ॲपमध्ये किंवा फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत मोनोची सोय शोधत बसू नका. त्यापेक्षा दोन्ही स्पीकर हॉलमध्येच ठेवा आणि जेवणघराचं दार उघडं ठेवा.

अँप्लिफायर बरेच दिवस वापरला नसेल तर आत्ताच चालू करून पाहा. बटण फिरवताना खरखर आली तर जवळच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आत काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. स्पीकरची जाळी काढून कोनाच्या कडेचा स्पंज बोटाने हलकेच दाबून पाहा. तो वाळून चुरा होत असेल तर स्पीकर फडफडेल. स्पंज बदलून मिळतो, पण त्याला काही दिवस लागतात, म्हणून घाई करा. आणि प्रत्येक चॅनलला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला, एकच स्पीकर. भावाने आणखी एक स्पीकर त्याच जागी अडकवायचा आग्रह धरला तर नाही म्हणा. दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की अँप्लिफायरला ४ ओहम दिसतात आणि जुनी यंत्रं तापतात.

आता गाणं अँप्लिफायरपर्यंत कसं न्यायचं? तुमच्या चपट्या एको डॉटच्या मागे, पॉवरच्या पिनेशेजारी, हेडफोनची पिन बसेल असं छिद्र आहे. पुढच्या पाचव्या पिढीत ते काढून टाकलं, म्हणून तुमचे जुने डॉट या कामाला नव्यापेक्षा चांगले. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशी केबल आणा. लाल-पांढऱ्या पिना अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘टेप इन’ मध्ये लावा. ‘फोनो’ मध्ये मात्र लावू नका. तो तबकड्यांच्या सुईसाठी असतो, फार बारीक सिग्नल वाढवतो, आणि डॉट तिथे लावला तर गाणं फाटून कर्कश येतं. डॉट आणि अँप्लिफायर एकाच एक्सटेन्शन बोर्डवर ठेवा. तरीही घूं असा आवाज आला तर अँप्लिफायरला टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्सची जोडलेली वायर काढून पाहा, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

दुसरा एको डॉट ओट्यावर. मग ॲलेक्साच्या ॲपमध्ये दोन्ही डॉटचा एक मल्टि-रूम म्युझिक गट बनवा, त्याला ‘घर’ नाव द्या. यापुढे गाणं त्या गटावर लावायचं. गाणं फोनमधून जात नाही, डॉट स्वतः इंटरनेटवरून खेचतात आणि एकमेकांशी वेळ जुळवून वाजवतात. त्यामुळे तुमचा फोन वाजला तरी गाणं थांबत नाही, आणि तुम्ही फोन घेऊन कोपऱ्यावर पाहुण्यांना घ्यायला गेलात तरी फरक पडत नाही. गाण्यांची जी सेवा तुम्ही वापरता ती गटावर चालते का, हे मात्र या आठवड्यातच वाजवून पाहा, सगळ्याच सेवा चालत नाहीत. दोन्ही डॉटवरचं माइक बंद करायचं बटणही कार्यक्रम सुरू होताना दाबा. नाहीतर मुलं रात्रभर त्याच्याशी बोलत राहतील.

तुमच्या दोनदा ऐकू येणाऱ्या शब्दाचं कारण आता सांगतो. ब्लूटूथमध्ये गाणं आधी आवळून बांधलं जातं, हवेतून जातं, पलीकडे सोडवलं जातं आणि थोडं साठवून मग वाजतं. याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक यंत्राचा वेळ वेगळा. कानाचा हिशोब असा की दोन सारखे आवाज ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आले तर मेंदू त्यांना एकच समजतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. त्यापलीकडे गेलं की दुसरा आवाज वेगळा, प्रतिध्वनीसारखा ऐकू येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एको आणि ब्लूटूथ स्पीकर यांच्यात १०० मिलिसेकंदांचा फरक असेल, तर कानाला जेवणघरातला स्पीकर ३४ मीटर लांब, तुमच्या गल्लीच्या टोकाला ठेवल्यासारखा वाटतो. दहा मीटरची लांब वायर मात्र काहीच उशीर करत नाही. म्हणून हॉल आणि जेवणघर वायरने जोडायला सांगितलं.

पण हा फरक फक्त तिथेच खटकतो जिथे दोन्ही आवाज एकाच वेळी कानावर पडतात. हे लक्षात आलं की निम्मी डोकेदुखी संपते. गच्चीवर हॉलचं गाणं ऐकू येत नाही, मग तिथे वेळ जुळवायची गरजच काय? तुमचा ब्लूटूथ स्पीकर गच्चीवर द्या, भाच्या-पुतण्यांच्या हातात, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच गाण्यांसह. जिन्याचं दार लोटून घ्या. भावाला तिथला प्रमुख करा, त्याचीही हौस भागेल. फक्त स्पीकर शेजारच्या कठड्याकडे तोंड करून नको, आणि १० वाजता बंद.

जुळणी तपासायची सोपी रीत अशी: टाळी किंवा हलगीसारखा तुटक ठोका असलेलं गाणं गटावर लावा आणि ओट्याच्या दारात उभ्या राहा. ठोका एकच ऐकू आला तर झालं. दोन ऐकू आले तर गट मोडून पुन्हा बनवा. तरीही राहिलं तर ओट्यावरचा डॉट दारापासून दूर, गेटकडे सरकवा.

स्पीकर ठेवायची जागा महत्त्वाची आहे. हॉलमधला स्पीकर शोकेसवर ठेवा. उंची बरोबर आहे. माणसं उभी राहिली की त्यांची अंगं आणि कपडे वरचे सूर शोषून घेतात, म्हणून स्पीकर डोक्याच्या वर, किंचित खाली झुकलेला हवा. पण कोपऱ्यात घुसवू नका, कोपरा बास फुगवतो. खाली जुना माउसपॅड किंवा रबराचा तुकडा घाला आणि शोकेसच्या काचा थरथरतात का ते बोट लावून पाहा. बास आणि लाउडनेसची बटणं खाली आणा. आवाजाबद्दल एकच कसोटी: दोन माणसांनी हाताच्या अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलावं आणि एकमेकांना कळावं. समोरासमोर साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल असतं, गाणं त्याच्या खाली राहू दे. रिकाम्या घरात तुम्ही लावलेला आवाज भरलेल्या घरात कमी वाटेल, म्हणून पहिली १५-२० माणसं आल्यावर एकदा बटण ठरवा. मग ते एकाच माणसाच्या ताब्यात. बाकी कुणीही हात लावायचा नाही. तुमचा नवरा, बहीण, शेजारचा शांत स्वभावाचा मुलगा, जो ‘थोडं वाढव की’ म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणू शकेल असा कुणीही.

वाय-फायचं एक सांगतो तसं करा: पाहुण्यांना पासवर्ड देऊ नका. मागितलाच तर राउटरमध्ये वेगळं गेस्ट नेटवर्क काढून द्या. ४५ फोन एकदम फोटो अपलोड करू लागले की डॉट अडखळतात. दोन्ही डॉट एकाच नेटवर्कवर, जमल्यास ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, कारण मायक्रोवेव्ह चालू झाला की २.४ गिगाहर्ट्झवर गडबड होते आणि त्या संध्याकाळी मायक्रोवेव्ह सतत चालू असणार. हॉलमधल्या वायरी भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगला चिकटपट्टीने लावत न्या. दारातून नेताना चौकटीवरून न्या, पायाखालून नको. नऊवारी, पैठण्या आणि मुलं, तिघांचाही पाय अडकतो.

आता बाबांचं गाणं. माझं मत विचाराल तर ते सगळ्या खोल्यांत वाजवू नका. फोनमधली फाइल ब्लूटूथने एकोच्या गटावर वाजत नाही, ही तांत्रिक अडचण आहेच. पण ती नसती तरी मी हेच सांगितलं असतं. आठला पाच कमी असताना गाणी बंद करा. गच्चीवरून मुलांना, ओट्यावरून मंडळींना हॉलमध्ये बोलवा. आईला स्पीकरसमोरच्या खुर्चीत बसवा, बाबांना शेजारी. पंखे कमी करा. डॉटची केबल काढून तीच पिन फोनला लावा, फोनला छिद्र नसेल तर टाइप-सीची छोटी जोडणी आधीच आणून वाजवून ठेवा. फोन विमान मोडवर टाका. कॅसेटचा आवाज बारीक असतो, त्यामुळे त्या गाण्यापुरता अँप्लिफायर वाढवावा लागेल. किती, ते आदल्या दिवशी ठरवून बटणाशेजारी पेन्सिलने खूण करून ठेवा. थोडी सूं सूं येईल, ती राहू दे. ट्रेबल (वरचे सूर) खूप कमी करून ती घालवायला गेलात तर बाबांच्या आवाजातले शब्दही जातील.

वीज जायची शक्यता धरून राउटर, डॉट आणि अँप्लिफायर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. इंटरनेटच गेलं तर एका फोनमध्ये तीन-चार तासांची गाणी आधी उतरवून ठेवलेली असू द्या. तीच केबल, तोच ऑक्स, हॉल आणि जेवणघर पुन्हा चालू. बाबांचं रेकॉर्डिंगही त्याच फोनमध्ये आणि आणखी एका फोनमध्ये ठेवा.